घरोघरची सेवा : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

वारकरी मंडळींनो, आजाऱ्याची शुश्रूषा हे पुण्यकर्म, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण माणूस आजारीच पडू नये म्हणून घराची नि गावाची निगा राखणे हीही शुश्रूषाच, असे जन्मभर सांगणाऱ्या एका बाईंची ही कथा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. गावाचेच नाव मुलीला ठेवले. देव आपल्याला सेवेला बोलावतो आहे, असे त्यांना सोळाव्या वर्षीच वाटले. पण त्या काळी नर्सचे काम हलके समजत. घरच्यांनी वर्षानुवर्षे अडवले. बाईंनी लग्न नाकारले, पण ध्यास सोडला नाही.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तिथली दशा काय सांगावी! इमारतीखाली तुंबलेली गटारे, उंदीर, उवा, घाणेरडे पाणी. रात्री हाती दिवा घेऊन बाई खाटांमधून फिरत. शिपाई त्यांना देवमाणूस मानीत. तरी माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ रुग्ण दगावले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेली आरोग्य-समिती आली. तिने गटारे उपसून धुतली, हवा खेळती केली, पाणी सुधारले. जूनमध्ये तोच आकडा शेकडा २ वर आला.

युद्ध संपल्यावर बाई आकडे मांडून बसल्या, आणि डोळे उघडले. जखमांपेक्षा घाणीच्या रोगांनीच कितीतरी जास्त माणसे नेली होती. आपण उशाशी बसलो, आणि मरण पायाखालच्या गटारातून येत होते! हे शल्य त्यांनी कामाला लावले.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची परिचारिकांची शाळा निघाली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन गरिबांच्या घरी नर्स पाठवू पाहत होते. बाईंच्या सल्ल्याने तिथेही शिक्षणाची सोय झाली, आणि शहराचे १८ भाग करून तिथे नर्सबाई नेमल्या. या नर्सबाईने नुसते औषधपाणी करायचे नाही, बरं का. खोली झाडायची, खिडकी उघडायची, घरच्या बाईला ते शिकवायचे, आणि गटार तुंबले असेल तर अधिकाऱ्याला कळवायचे. १८९२ साली बकिंगहॅमशायरच्या खेड्यांत आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रिया तयार करण्याचे कामही बाईंनी हाती घेतले.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण इथल्या पाण्याचा, गटारांचा, खेड्यांचा अभ्यास त्यांनी कित्येक वर्षे केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

पंढरीच्या यात्रेत एके काळी पटकीने किती घरे उजाड झाली, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. आज वारीच्या वाटेवर नर्सबाई नि आशाताई उभ्या असतात. त्या म्हणाल्या, माउली, हे पाणी पिऊ नका, उघड्यावर बसू नका, तर रागावू नये. दिंडीतल्या चार जणांना तेच सांगावे, आणि मुक्काम सोडताना जागा झाडून निघावे. मागून येणाऱ्या दिंडीची तीच सेवा.