पुण्यश्लोक अहिल्याबाई : गादीवरची सेवा

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या आठवड्यात प्रसादाच्या पोळ्या लाटता लाटता आम्हा सेवेकरी बायकांत एक विषय निघाला. आपल्यातल्या एका ताईंना वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून विचारणा झालीय. पण अट अशी, की सही ताईंची आणि कारभार घरच्या पुरुषांचा! आम्ही हसलो खरं, पण मनाला लागलं. कारण आपण इंदूरकर. आपल्याकडे एका बाईनं जवळजवळ २८ वर्षं स्वतः कारभार केलाय.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे. लग्न होऊन त्या होळकरांच्या घरात आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले. बाई सती जायला निघाल्या, तेव्हा सासरे मल्हाररावांनी विनवून थांबवलं. नुसतं थांबवलं नाही, तर हिशेब, वसुली, अगदी दारूगोळ्याची व्यवस्थासुद्धा सुनेवर सोपवली.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी गादीवर बसलेला एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. बाईमाणूस काय राज्य करणार, असं म्हणत राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाई डगमगल्या नाहीत. लढाईची तयारी केली, आणि माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच हक्क मान्य केला. राघोबांना परत फिरावं लागलं. पुढे फौज तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार बाईंकडे, अशी वाटणी झाली.

महेश्वरला नर्मदेकाठी त्या रोज दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. निपुत्रिक विधवेची इस्टेट सरकारजमा करायची, नाहीतर दत्तकासाठी मोठा नजराणा उकळायचा, हे तेव्हा सर्रास चाले. बाईंनी त्याला नकार दिला. वाटा अडवणाऱ्या भिल्लांना आधी जरब बसवली, मग मालावर थोडी ठरावीक कवडी घ्यायचा हक्क देऊन वाटेच्या रखवालीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. विणकर वसवले. आपल्या पेटीतली महेश्वरी साडी त्यांचीच देणगी. काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये उभं राहिलं. अशा धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगीतून करीत. दौलतीचा पैसा वेगळा, खासगी वेगळी, हा हिशेब त्यांनी कधी मोडला नाही.

आणि तरी एक गोष्ट त्यांच्या हाती नव्हती. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती गेली. जी स्वतः चितेवरून मागे फिरली होती, तिला लेकीला मागे फिरवता आलं नाही. खूप विनवलं, उपयोग झाला नाही. सांगतात, तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. मग पुन्हा कामाला बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरातच देह ठेवला.

आम्हाला वाटतं, सून म्हणून एका घरानं त्यांच्या हातात चोपडी दिली, म्हणून हजारो घरांना न्याय मिळाला. आज आपल्या मध्य प्रदेशात पंचायती आणि नगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे दार उघडलंय. आता घरच्यांनी मल्हारराव व्हायचंय.

त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं, की उभ्या राहणार असाल तर कागद स्वतः वाचून सही करा. प्रसादाच्या पोळ्यांचं आम्ही बघू!

आपल्या,
सेवेकरी भगिनी, इंदूर