मिमार सिनान : सुतारकामापासून सलीमिये मशिदीपर्यंत

एखादी भव्य इमारत पाहिली की ती कोणत्या बादशहाने बांधली, हे आपण आवर्जून विचारतो. ती प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी उभी राहिली, हे सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासानेही कारागिरांची नावे फारशी जपून ठेवलेली नाहीत. ज्या थोड्या कारागिरांचे नाव त्यांच्या बादशहांच्या बरोबरीने घेतले जाते, त्यांत तुर्कस्तानच्या मिमार सिनान यांचे स्थान फार वरचे आहे. उर्दूत आपण ज्याला 'मेमार' म्हणतो, तोच हा तुर्की 'मिमार'. म्हणजे इमारती उभारणारा. सिनान यांना जवळजवळ शंभर वर्षांचे आयुष्य लाभले आणि ते सारे त्यांनी हुनराच्या ध्यासात घालविले. आपल्या समाजातील पालकांनी व विद्यार्थ्यांनी हे चरित्र मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

सिनान यांचा जन्म 1490 च्या सुमारास अनातोलियातील कायसेरी शहराजवळच्या एका खेड्यात, ख्रिस्ती कुटुंबात झाला. उस्मानी राज्यात त्या काळी ख्रिस्ती खेड्यांतून मुले निवडून त्यांना सरकारी चाकरीसाठी नेण्याची पद्धत होती. घरादारापासून तोडणारी ही पद्धत कठोर होती, हे मान्य केले पाहिजे. 1512 च्या सुमारास, म्हणजे विशीच्या वयात, सिनान याच मार्गाने इस्तंबूलला आले. तेथे त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि त्यांचे शिक्षण सुरू झाले. शिकण्यासाठी त्यांनी हुनर निवडला तो सुतारकामाचा.

पुष्कळांना हे काम साधे वाटेल. परंतु बांधकामात सुतारावाचून पान हलत नाही. कमान रचताना दगड जागच्या जागी राहावेत म्हणून खालून लाकडी साचा लागतो. उंचावर काम करायला परांची लागते. साचा एक बोटभर वाकडा झाला, तर कमान वाकडी झालीच म्हणून समजावे. गुण्या आणि मोजपट्टी हातात धरता धरता सिनान हिशेब शिकले, भूमिती शिकले, आणि कोणते ओझे कोठे उतरते हे पाहायला शिकले.

पुढे ते सुलतानाच्या फौजेत दाखल झाले. 1521 ची बेलग्रेडची, 1522 ची ऱ्होड्सची आणि 1526 ची मोहाचची मोहीम त्यांनी पाहिली. पूर्वेकडे इराणच्या सरहद्दीपर्यंत आणि बगदादपर्यंतही ते गेले. परमुलखात गेलेल्या शिपायाची नजर सहसा लुटीकडे असते. सिनान यांची नजर जुन्या इमारतींकडे, पुलांकडे आणि पडक्या भिंतींकडे असे. ही भिंत इतकी शतके का टिकली आणि ती का ढासळली, याचा ते अभ्यास करीत. वान सरोवराच्या पैलतीरावरील शत्रूची टेहळणी करायची होती, तेव्हा त्यांनी फौजेसाठी नावा बांधून दिल्या. 1538 च्या मोहिमेत प्रूत नदीच्या दलदलीच्या काठावर पूल टिकेना. सिनान यांनी तो सुमारे तेरा दिवसांत उभा करून फौज पार केली. लवकरच सुलतान सुलेमान यांनी त्यांना राज्याचे मुख्य मिमार नेमले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. ज्या वयात माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांचे खरे काम सुरू झाले. ते जवळजवळ पन्नास वर्षे चालले आणि या काळात त्यांनी तीन सुलतानांची सेवा केली.

त्यांच्या तीन मशिदींविषयी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. इस्तंबूलची शहजादे मशीद (1543 ते 1548) ही आपली शागिर्दी, तेथीलच सुलेमानिये मशीद (1550 ते 1557) ही आपली कारागिरी आणि एदिर्ने शहरातील सलीमिये मशीद (1568 ते 1575) ही आपली उस्तादी, असे सिनान मानीत. साऱ्या राज्याचा मुख्य मिमार पन्नाशीनंतर बांधलेल्या प्रचंड मशिदीला शागिर्दी म्हणतो, यातच त्यांचे मोठेपण आहे. सलीमियेचे काम हाती घेतले तेव्हा ते ऐंशीच्या जवळपास होते. तिचा घुमट सुमारे 31 मीटर व्यासाचा असून तो आठ खांबांवर अशा कौशल्याने तोलला आहे की, आत उभ्या राहणाऱ्याला सारी मशीद एकाच छताखाली मोकळी दिसते. जगभरच्या वारशाच्या यादीत युनेस्कोने 2011 साली तिचा समावेश केला.

सुलेमानिये ही नुसती मशीद नव्हे. तिच्याभोवती मदरसे, लहान मुलांचा मकतब, वैद्यकीची शाळा, शिफाखाना आणि गोरगरिबांसाठी लंगरखाना बांधलेला होता. इबादत, इल्म आणि खिदमत या तिन्हींची सोय एकाच आवारात होती. तिच्या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या सुदैवाने टिकून राहिल्या आहेत. त्यांवरून असे दिसते की, तेथे मुसलमान आणि ख्रिस्ती कारागीर एकाच कामावर राबत होते. पाथरवट, सुतार, लोहार, काचकाम करणारे, इझनिक गावच्या रंगीत फरशा घडविणारे, आयती लिहिणारे खत्तात, अशा अनेक हातांची किमया एका मिमाराने एकत्र आणली.

अपयशही त्यांच्या वाट्याला आले. इस्तंबूलला पाणी पुरविण्यासाठी त्यांनी दऱ्यांवरून उंच कमानींचे जलमार्ग बांधले. 1563 च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. तेव्हा सिनान सत्तरी ओलांडून गेले होते. खचून न जाता त्यांनी ते काम पुन्हा उभे केले. त्यांतील माग्लोव्हाचा जलमार्ग आजही उभा आहे आणि पाहणारे थक्क होतात.

त्यांच्या नावावर साडेतीनशेहून अधिक बांधकामे सांगितली जातात. त्यांत मशिदींबरोबर पूल, हमामखाने, सराया, मदरसे आणि मकबरे आहेत. एकट्याने इतके होणे शक्य नव्हते. त्यांनी शिष्य तयार केले, ही त्यांची मोठी कमाई. त्यांच्या परंपरेतील हैरुद्दीन यांनी 1566 साली मोस्तारचा प्रसिद्ध पूल बांधला. मेहमेद आगा हे लाकडावर शिंपल्याचे जडावकाम करणारे कारागीर पुढे मिमार झाले आणि इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद त्यांनीच उभारली. उस्ताद सुतार होते आणि शागिर्द जडावकाम करणारा!

सिनान यांचे 1588 साली निधन झाले. सुलेमानियेच्या आवाराबाहेरील एका कोपऱ्यावर त्यांची लहानशी कबर आहे. सुलतानांसाठी भव्य मकबरे बांधणाऱ्याने स्वतःसाठी एवढीच जागा घेतली. इस्तंबूलच्या कलाशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

आता थोडे आपल्याविषयी. मालेगाव-भिवंडीच्या मागांवर, गावोगावच्या सुतारशाळांत आणि गॅरेजांत आपल्या समाजाचे हजारो हात काम करीत आहेत. पण हुनर आणि शाळा यांची आपण घराघरांत ताटातूट करून ठेवली आहे. एका घरी मुलगा हाताने चांगले काम करू लागला की त्याची शाळा सोडवतात. दुसऱ्या घरी मुलगा शिकला की बापाच्या हत्यारांना हात लावण्याची त्याला लाज वाटू लागते. दोन्ही घरे तोट्यात जातात. सिनान नुसतेच सुतार राहिले असते, तर त्यांचा रंधा त्यांच्याबरोबरच संपला असता. आणि रंधा हाती न धरता नुसती भूमिती शिकले असते, तर त्यांच्या कमानी कागदावरच राहिल्या असत्या.

पालकांनी म्हणून मुलाच्या हातातील कसबाकडे कौतुकाने पाहावे, पण त्याचे दप्तर काढून घेऊ नये. मुलींच्या भरतकामाला व चित्रकलेला फावल्या वेळचा उद्योग समजून बाजूला सारू नये; त्यातही माप आहे, रचना आहे, शिक्षण आहे. आणि विद्यार्थीमित्रांनो, वडिलांच्या हत्यारांची पेटी घरात असेल, तर ती एकदा उघडून पाहा. गुण्या कशासाठी असतो, ओळंबा काय सांगतो, हे त्यांना विचारा. तुमच्या भूमितीच्या पुस्तकातील बरेचसे धडे तुम्हाला त्या पेटीत सापडतील.