बालगंधर्व आणि संयुक्त ‘मानापमान’

असोद्याहून जळगाव जेमतेम दोन कोस. असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी ज्या जळगावी सून म्हणून नांदली, त्याच गावी नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक मुलगा महबूबखाँ या गवयापाशी गाणे शिकला. त्याचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. तेच नाव जन्मभर राहिले.

सन १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि स्त्रीभूमिका करू लागला. पुरुषाने स्त्रीवेष घ्यावा याचे आजच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु तेव्हा रीतच ती होती. त्याची लुगडे नेसण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रियाही उचलीत.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. श्रीमंताची कन्या भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते, पुढे वेष पालटून त्याच्या छावणीत जाते आणि त्याचे शौर्य पाहून त्याजवरच अनुरक्त होते, असे त्याचे कथानक. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याची गोष्ट निघाली. परंतु प्रेक्षकांची निराशा नको म्हणून ते भामिनी होऊन उभे राहिले. लोक या निष्ठेची वाखाणणी करतात. आम्हीही करतो, तथापि त्या रात्री घरी राहिलेल्या मातेचा विचार आमच्या मनातून जात नाही.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळीही तेव्हा ऐन भरात होती. केशवरावांचे गाणे जोरकस व तडफेचे, बालगंधर्वांचे लाघवी व भावपूर्ण. श्रोत्यांत दोघांचे दोन पक्षच पडलेले. लोकमान्य १९२० साली निवर्तले व त्यांच्या नावे स्वराज्य फंड उभारला जाऊ लागला. त्या फंडासाठी या दोन मंडळ्यांनी एकत्र येऊन ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस दहा वर्षांपूर्वीचे तेच ‘मानापमान’ पुन्हा उभे केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटांचा दर १०० रुपयांपर्यंत चढला, तरी नाट्यगृह भरून गेले. जे एरव्ही परस्परांचे प्रतिस्पर्धी, ते त्या रात्री नायक-नायिका म्हणून समोरासमोर गायिले! कोण वरचढ ठरला याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. केशवराव मात्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने वारले.

बालगंधर्वांचा पुढील काळ कष्टाचा गेला. उंची पडदे, भारी वस्त्रे, अत्तरे, नामांकित साथीदार यांपायी मंडळीस कर्ज झाले; ते त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. पुढे बोलपट आले व नाटकांचा प्रेक्षक ओसरला. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण त्यांचे मन रंगभूमीवरच होते. १९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. अखेरीस पाय अधू झाले, आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

‘मानापमान’ मात्र पुनःपुन्हा रंगभूमीवर येत राहिले. २०२५ च्या जानेवारीत त्यावरून घेतलेला चित्रपटही निघाला. जळगावातील खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचेच नाव दिलेले आहे.