विल्यम कोली : कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम ताप आणणारा डॉक्टर

१८९१ साली न्यूयॉर्कमधल्या एका तरुण सर्जनने कॅन्सरने मरणाच्या दारात पोहोचलेल्या रुग्णाच्या अंगात जिवंत जिवाणू टोचले. रुग्णाला संसर्ग व्हावा आणि तो तापाने फणफणावा, हाच त्यामागचा हेतू होता. त्या काळात अँटिबायोटिक्स नव्हती. संसर्ग हाताबाहेर गेला तर तो आटोक्यात आणायला हाताशी काहीही नव्हतं.

या सर्जनचं नाव डॉ. विल्यम ब्रॅडली कोली. आज त्यांना इम्युनोथेरपीचे जनक म्हणतात. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार. पण कोली गेले तेव्हा बहुतेक डॉक्टरांनी त्यांची पद्धत बाजूला सारली होती. त्यांच्याकडे बरे झालेले रुग्ण होते, पण इतरांना पटेल असा पुरावा नव्हता. या दोन गोष्टींमधलं अंतर किती महाग पडतं, हे त्यांच्या आयुष्यातून कळतं.

शिक्षक होता होता डॉक्टर

कोलींचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, वेस्टपोर्ट इथे झाला. १८८४ मध्ये ते येल विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये शाळेत शिकवलं. मग ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८८८ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर होऊन न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाले.

तिथे १८९० मध्ये त्यांच्यासमोर एक रुग्ण आली आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली.

बेसीचा मृत्यू

बेसी डॅशिएल ही १७ वर्षांची मुलगी. रेल्वेच्या प्रवासात तिचा हात सीटमध्ये अडकून दुखावला होता. दुखापत किरकोळ वाटत होती, पण सूज आणि वेदना काही केल्या कमी होईनात. तपासणीत सार्कोमा निघाला. हाडं, स्नायू अशा ऊतींमध्ये होणारा हा कॅन्सर आहे. कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. त्या काळात याहून वेगळा इलाजच नव्हता. तरीही कॅन्सर अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये बेसी गेली.

कोली तेव्हा जेमतेम २९ वर्षांचे होते. शस्त्रक्रिया नीट होऊनही रुग्ण वाचत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. बेसी ही जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांची जवळची मैत्रीण होती. याच रॉकफेलर कुटुंबाने पुढे कॅन्सरवरच्या संशोधनाला आणि उपचारांना मोठ्या देणग्या दिल्या.

जुन्या नोंदींमधला एक माणूस

बेसीनंतर कोलींनी हॉस्पिटलमधल्या सार्कोमाच्या जुन्या नोंदी चाळायला घेतल्या. त्यात फ्रेड स्टाइन या जर्मन स्थलांतरिताची फाईल सापडली. त्याच्या मानेवरची गाठ अनेकदा कापूनही परत येत होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशातच त्याला हॉस्पिटलमध्ये धावरे झालं.

धावरे हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे होणारा त्वचेचा तीव्र संसर्ग. कातडी लालबुंद होते आणि सणकून ताप येतो. स्टाइन त्यातून वाचला. त्याहून नवल म्हणजे, तापाबरोबर त्याची गाठही विरघळत गेली आणि तो घरी गेला.

या गोष्टीला सात वर्षं होऊन गेली होती. कोलींनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या दाटीवाटीच्या चाळीवजा इमारती पालथ्या घातल्या आणि स्टाइनला शोधून काढलं. तो ठणठणीत होता. कॅन्सरचा मागमूसही नव्हता.

अशी उदाहरणं आधीही दिसली होती. जर्मनीत विल्हेल्म बुश या सर्जनने १८६० च्या दशकात कॅन्सरच्या रुग्णाला मुद्दाम धावऱ्याची लागण करून पाहिली होती. कोलींनी मात्र या धाग्याचा पुढची चार दशकं पाठपुरावा केला.

पहिला प्रयोग

कोलींचा पहिला रुग्ण झोला नावाचा इटालियन स्थलांतरित होता. घशात आणि मानेत सार्कोमाच्या गाठी असल्यामुळे त्याला धड गिळताही येत नव्हतं. मे १८९१ मध्ये कोलींनी त्याला जिवाणूंची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. पण धावरे काही होईना. अखेर ऑक्टोबरमध्ये जर्मनीहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून जास्त जहाल जिवाणू मिळाले.

या वेळी झोलाला हुडहुडी भरली आणि ताप १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. तो मरता मरता वाचला. पण गाठ फुटून वाहू लागली आणि दोन आठवड्यांत दिसेनाशी झाली. काही आठवड्यांचा सोबती मानलेला झोला पुढे आठ वर्षं जगला.

सगळ्यांचंच नशीब असं नव्हतं. काहींना कितीही टोचलं तरी संसर्ग होत नव्हता. काहींना झाला, पण गाठीवर परिणाम दिसला नाही. आणि सुरुवातीच्या रुग्णांपैकी दोघं या संसर्गानेच दगावले. नैतिक समितीची परवानगी, धोके समजावून सांगून घेतलेली लेखी संमती, रुग्णाच्या सुरक्षेची स्वतंत्र देखरेख, अशा गोष्टी तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या. निर्णय डॉक्टर घेत असे.

‘कोलीज टॉक्सिन्स’

दोन मृत्यूंनंतर कोलींनी जिवंत जिवाणू वापरणं सोडलं. मारलेल्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये त्यांनी दुसऱ्या एका जिवाणूचं मिश्रण केलं. हा दुसरा जिवाणू आज सेराशिया या नावाने ओळखला जातो. या मिश्रणाने ताप यायचा, पण खरा संसर्ग व्हायचा नाही. पुढे ते ‘कोलीज टॉक्सिन्स’ म्हणून ओळखलं गेलं.

जानेवारी १८९३ मध्ये हे औषध जॉन फिकन या १६ वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्याच्या पोटात सार्कोमाची मोठी गाठ होती. काही महिने इंजेक्शनं सुरू राहिली. प्रत्येक वेळी थंडी वाजून ताप यायचा आणि गाठ लहान होत जायची. फिकन त्यानंतर २६ वर्षं जगला आणि हृदयविकाराने गेला.

१८९९ पासून पार्क-डेव्हिस या कंपनीने हे औषध बाजारात आणलं आणि जवळपास तीस वर्षं विकलं. कोली स्वतः न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार करत होते. तेच आजचं मेमोरियल स्लोन केटरिंग. त्यांनी आयुष्यभरात सुमारे हजार रुग्णांवर टॉक्सिन वापरलं. हर्नियाच्या शस्त्रक्रियेतही त्यांचं नाव होतं.

मग डॉक्टरांना पटलं का नाही?

टीका पहिल्या काही वर्षांतच सुरू झाली, आणि ती केवळ मत्सरातून आलेली नव्हती.

पहिली अडचण औषधाची. वेळोवेळी बनवलेल्या टॉक्सिनची ताकद सारखी नसायची. एक मिश्रण जहाल, तर दुसरं जवळजवळ निकामी. एखाद्या डॉक्टरने ते वापरलं आणि गुण आला नाही, तर दोष पद्धतीचा की त्या बाटलीचा, हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरी अडचण पद्धतीची. कोली कधी थेट गाठीत, कधी स्नायूत, तर कधी शिरेत इंजेक्शन देत. किती डोस, किती दिवस, हेही रुग्णागणिक बदलायचं. कित्येकांवर शस्त्रक्रियाही झालेली असायची. मग गुण नेमका कशाने आला?

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी होती. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. टॉक्सिन न मिळालेल्या तशाच रुग्णांचं काय झालं, हे माहीत नसेल तर मिळालेल्यांचा फायदा मोजणार कसा? काही टीकाकारांना तर मुळात या गाठी कॅन्सरच्या होत्या का, इथूनच शंका होती. बरे न झालेल्या सगळ्या रुग्णांचा माग शेवटपर्यंत ठेवला गेला नव्हता, त्यामुळे शंका वाढत गेल्या.

त्यात स्पर्धक आला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा आणि १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला. किरणांचा डोस मोजता येत होता, परिणाम लगेच दिसत होता आणि रुग्णाला तापाने तडफडावं लागत नव्हतं. कोलींनी स्वतःही क्ष-किरण वापरून पाहिले. पण कॅन्सर दूरवर पसरला असेल तर त्यांचा टिकाऊ उपयोग होत नाही, असं त्यांचं मत झालं. मेमोरियलमध्ये मात्र डॉ. जेम्स यूइंग यांचा शब्द चालू लागला. हाडांच्या ‘यूइंग सार्कोमा’ला ज्यांचं नाव आहे तेच हे यूइंग. त्यांचा रेडिएशनवर भर होता आणि टॉक्सिनला ठाम विरोध होता.

१६ एप्रिल १९३६ रोजी कोलींचं निधन झालं. नंतर केमोथेरपी आली आणि टॉक्सिन आणखी मागे पडलं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला सिद्ध झालेलं औषध मानायला नकार दिला, तर १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते अप्रमाणित उपचारांच्या यादीत टाकलं. दहा वर्षांनी ते या यादीतून वगळण्यात आलं.

मुलीने उघडलेली कागदपत्रं

कोलींची मुलगी हेलन कोली नॉट्स डॉक्टर नव्हत्या. वडिलांचं चरित्र लिहावं म्हणून त्यांनी जुनी कागदपत्रं काढली आणि त्यात रुग्णांच्या नोंदींचा ढीग सापडला. त्यांनी एकेका रुग्णाची माहिती जुळवली. कोणतं टॉक्सिन, किती दिवस, पुढे रुग्ण किती वर्षं जगला, हे सगळं त्या वर्षानुवर्षं नोंदवत राहिल्या. जे काम उपचार सुरू असतानाच व्हायला हवं होतं, ते त्या काही दशकांनी करत होत्या. पुरेशा ताकदीचं टॉक्सिन पुरेसे दिवस दिलं, तिथे परिणाम चांगले दिसतात, असं त्यांच्या लक्षात आलं.

१९५३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. सुरुवातीची मदत नेल्सन रॉकफेलर यांनी केली. बेसीच्या मित्राचे ते चिरंजीव.

कोलींची कल्पना आज कुठे आहे?

जिवाणूंचं विष कॅन्सरला मारतं, असं कोलींना वाटत होतं. प्रत्यक्षात संसर्गामुळे प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि तिचा तडाखा कधीकधी गाठीलाही बसतो. भारतात जवळपास प्रत्येक बाळाला दिली जाणारी बीसीजी लस आज मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये वापरतात. तीही याच तत्त्वावर चालते.

जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांनी पुढचं पाऊल टाकलं. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ‘ब्रेक’ असतात आणि कॅन्सर त्यांचा फायदा घेतो. हे ब्रेक काढण्याच्या शोधासाठी दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. ॲलिसन काही वर्षं कोलींच्याच मेमोरियलमध्ये होते. त्यांच्या शोधातून आलेल्या इपिलिमुमॅबची ६७६ रुग्णांवर ट्रायल झाली. कोणाला कोणता उपचार मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरमध्ये, आजार पसरलेला असतानाही, औषध घेणारे तुलनेच्या गटापेक्षा जास्त जगले. २०११ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली.

मुंबईचं उदाहरण तर आणखी जवळचं. इम्युनोथेरपीचा खर्च बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं. एरवी दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात, इथे दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं. १५१ रुग्ण दोन गटांत वाटले गेले. तोंडी घ्यायची स्वस्त औषधं दोन्ही गटांना मिळाली, निवोलुमॅब फक्त एका गटाला. वर्षभरानंतर निवोलुमॅबच्या गटातले ४३.४ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले १६.३ टक्के. दुसरा गट नसता, तर ४३ हा आकडा चांगला की वाईट, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

ट्रायलबद्दल विचारणा झाली तर

‘आमच्या माणसावर प्रयोग नको’ ही भीती स्वाभाविक आहे. झोलाच्या काळात ती खरीही होती. आज भारतात ट्रायल सुरू होण्याआधी नैतिक समितीची मंजुरी लागते आणि सीटीआरआय या सरकारी यादीत नोंद करावी लागते. ही यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. रुग्णाची लेखी संमती बंधनकारक आहे आणि कधीही, कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

तरीही प्रश्न विचारायलाच हवेत. दुसऱ्या गटाला कोणता उपचार मिळणार? संभाव्य दुष्परिणाम कोणते? तपासण्यांचा खर्च कोण करणार? सध्याचा उपचार थांबवावा लागेल का? ट्रायलमधून बरं होण्याची हमी कोणी देत असेल, तर सावध व्हावं, कारण उत्तर माहीत नसतं म्हणूनच ट्रायल घेतली जाते.

कोलींनी सुमारे हजार रुग्णांवर उपचार केले आणि तरी उत्तर अधांतरी राहिलं. टाटा मेमोरियलच्या १५१ रुग्णांनी मात्र एका प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मागे ठेवलं. त्यांचा आजार बरा होण्यासारखा नव्हता. त्यांच्यानंतर येणाऱ्या रुग्णांना आज त्याचा फायदा मिळतो आहे.