एडवर्ड गुडरिच ॲचेसन

एडवर्ड गुडरिच ॲचेसन (जन्म: ९ मार्च १८५६, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू: ६ जुलै १९३१, न्यू यॉर्क) हे अमेरिकन संशोधक, विद्युतरसायनतज्ज्ञ आणि उद्योजक होते. सिलिकॉन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. कृत्रिम ग्रॅफाइटच्या औद्योगिक उत्पादनाचे जनक म्हणूनही ते ओळखले जातात. त्यांच्या नावावर सुमारे ७० पेटंटे होती. लाकूड, धातू, काच व दगड घासण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या चकत्या, चाके आणि पॉलिश पेपर यांमागील कृत्रिम अपघर्षकांचा उद्योग त्यांच्या शोधापासून सुरू झाला.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घासकामासाठी निसर्गात सापडणाऱ्या खनिजांवरच अवलंबून राहावे लागे. लाकडासाठी गारगोटीचा किंवा काचेचा चुरा आणि गार्नेट, तर धातूसाठी एमरी व कुरुविंद यांचे कण वापरले जात. कागदावर काचेचा चुरा चिकटवण्याच्या पद्धतीमुळेच मराठीत काचकागद हा शब्द रूढ झाला. या खनिजांची प्रत मात्र खाणीनुसार, कधीकधी एकाच खाणीतील थरांनुसार बदलत असे. कठीण दाण्यांत मऊ दाणे मिसळलेले असले, की पृष्ठभाग एकसारखा घासला जात नसे. निसर्गावर विसंबण्यातील हा धोका पुढेही कायम राहिला. पुढे ३एम या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी १९०२ मध्ये मिनेसोटा राज्यात कुरुविंदाचे खाणकाम करण्यासाठीच स्थापन झाली होती. परंतु तिच्या खाणीतील खनिज कुरुविंद नसून अपघर्षक म्हणून निरुपयोगी असा मऊ खडक असल्याचे नंतर उघड झाले.

बालपण आणि सुरुवातीचा काळ

ॲचेसन यांचे बालपण नैर्ऋत्य पेनसिल्व्हेनियातील कोळसा व लोखंडाच्या पट्ट्यात गेले. त्यांचे वडील लोखंड वितळवण्याच्या झोतभट्टीच्या व्यवसायात होते. काही काळ बेलफोंट अकॅडमीत शिकल्यानंतर घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे त्यांना किशोरवयातच शाळा सोडावी लागली. त्यांनी झोतभट्टीवर हजेरी लिहिणे, रेल्वेमार्गाची पाहणी करणे, तेलाच्या टाक्यांची मोजणी करणे अशी कामे केली. खडकाला भोके पाडणाऱ्या यंत्राची कल्पनाही त्यांनी याच वयात मांडली. त्यांचे विद्युतशास्त्राचे ज्ञान प्रामुख्याने स्वयंअध्ययनातून आलेले होते.

एडिसन यांच्याकडील नोकरी

१८८० मध्ये ॲचेसन यांना थॉमस अल्वा एडिसन यांच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. तेथे जॉन क्रूझी यांच्या हाताखाली त्यांनी विजेच्या दिव्यातील कार्बन तंतूवर प्रयोग केले. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनासाठी एडिसन यांनी त्यांना युरोपात पाठवले. त्यानंतर त्यांनी इटली, बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत विद्युत दिव्यांची उभारणी केली. १८८४ मध्ये एडिसन यांची नोकरी सोडून ते एका प्रतिस्पर्धी दिवे-कारखान्याचे अधीक्षक झाले. त्याच वर्षी मार्गारेट माहेर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कार्बन आणि विजेची उष्णता यांच्याशी या काळात आलेला संबंध त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरला.

कार्बोरंडमचा शोध

१८९० च्या सुमारास ॲचेसन पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला या गावी विद्युत प्रकाशाचा व्यवसाय पाहू लागले. दिवे रात्रीच लागत असल्याने दिवसा जनित्राची शक्ती प्रयोगांसाठी उपलब्ध होती. १८९१ मध्ये त्यांनी लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि दगडी कोळशापासून मिळणाऱ्या कोकची भुकटी यांचे मिश्रण घेतले व कार्बनच्या कांडीतून तीव्र विद्युतप्रवाह सोडून ते तापवले. हिऱ्यासारखा कठीण पदार्थ कृत्रिम रीतीने मिळवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. भांडे थंड झाल्यावर कांडीच्या टोकाशी काही चकाकणारे कण आढळले. त्यांपैकी एक कण पेन्सिलीच्या टोकावर बसवून काचेवरून ओढला असता काचेवर ओरखडा उमटला.

हे स्फटिक कार्बन आणि मातीतील ॲल्युमिना यांच्या संयोगातून बनले असावेत, असा ॲचेसन यांचा समज झाला. ॲल्युमिनाचे कठीण स्फटिकरूप म्हणजे कॉरंडम; म्हणून कार्बन व कॉरंडम हे शब्द जोडून त्यांनी कार्बोरंडम हे नाव तयार केले. कॉरंडम हा शब्द मुळात भारतीय भाषांतून युरोपात गेला असून संस्कृत व मराठीतील कुरुविंद त्याच कुळातला आहे. पुढील रासायनिक विश्लेषणात या पदार्थात ॲल्युमिना नसून तो सिलिकॉन व कार्बन यांचे संयुग असल्याचे दिसून आले. नाव मात्र तेच राहिले. २८ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांना या शोधाचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याच वर्षी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना ॲरिझोनातील उल्काखंडात नैसर्गिक सिलिकॉन कार्बाइड आढळले. पृथ्वीवर ते अत्यंत दुर्मीळ असल्याने खाणीतून मिळवणे व्यवहार्य नव्हते.

बाजारपेठेची उभारणी

कार्बोरंडम तयार झाले, तरी त्याला गिऱ्हाईक नव्हते. सुरुवातीचे अल्प उत्पादन न्यू यॉर्कमधील रत्नांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांना कॅरटला ४० सेंट, म्हणजे पौंडाला सुमारे ८८० डॉलर या दराने विकले गेले. एवढ्या किमतीत ते सुताराच्या किंवा लोहाराच्या कामी येणे शक्य नव्हते. खर्च कमी करण्यासाठी मोठी भट्टी व मुबलक वीज हवी होती आणि त्यासाठी मोठी मागणी हवी होती. ॲचेसन यांनी १८९१ मध्येच कार्बोरंडम कंपनी स्थापन केली होती. दंतवैद्यांसाठी लहान चाके बनवून तिने बाजार वाढवण्यास प्रारंभ केला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनातील रोषणाईचे कंत्राट जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीला मिळाले. एडिसन यांच्या पेटंटांना वळसा घालण्यासाठी तिने काचेचे बूच बसवलेले दिवे बनवले. ही बुचे घासून चपखल बसवण्यासाठी कार्बोरंडमची चाके लागली आणि ॲचेसन यांना मोठी मागणी मिळाली.

मोनोंगाहेलाच्या कारखान्याचे उत्पादनही पूर्ण खपत नसताना ॲचेसन यांनी नायगारा धबधब्याच्या नव्या जलविद्युत केंद्राशी १,००० अश्वशक्तीचा करार केला. हा निर्णय अविचारी वाटल्याने संचालक मंडळाने राजीनामा दिला. तरीही ते मागे हटले नाहीत. १८९५ मध्ये नायगारा फॉल्स येथे कारखाना उभा राहिला. तो नायगाराच्या विजेच्या पहिल्या औद्योगिक ग्राहकांपैकी एक होता. उत्पादन वाढताच किंमत झपाट्याने उतरली व रत्नकारांच्या मापाने विकला जाणारा पदार्थ सर्वसाधारण कारखान्यांच्या आवाक्यात आला.

विस्तारासाठी लागलेल्या भांडवलाची किंमत मात्र ॲचेसन यांना मोजावी लागली. १८९८ च्या सुमारास पिट्सबर्गच्या मेलन घराण्याकडे कंपनीची सूत्रे गेली आणि स्वतः स्थापन केलेल्या कंपनीवरील त्यांचे नियंत्रण संपले. विद्युत भट्टीच्या तत्त्वावरून काउल्स बंधूंच्या कंपनीशी चाललेल्या वादातही १९०० मध्ये न्यायालयाने काउल्स यांचा अग्रहक्क मान्य केला.

ॲचेसन भट्टी

ॲचेसन यांची भट्टी म्हणजे विटांची लांबट हौदासारखी रचना असते. तिच्या मध्यभागी लांबीच्या दिशेने कोकच्या तुकड्यांचा गाभा असून त्याभोवती वाळू, कोक, लाकडाचा भुसा व मीठ यांचे मिश्रण रचतात. गाभ्यातून वीज सोडल्यावर तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर जाते. वाळूतील सिलिका व कार्बन यांच्या अभिक्रियेने सिलिकॉन कार्बाइड तयार होते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. भुशामुळे मिश्रण सच्छिद्र राहून वायूला वाट मिळते, तर मिठामुळे काही अशुद्ध द्रव्ये बाष्परूपाने निघून जातात. भट्टी निवल्यावर गाभ्याभोवती जमलेले स्फटिक फोडून, दळून व चाळून निरनिराळ्या आकारांचे दाणे वेगळे केले जातात.

ग्रॅफाइट आणि वंगणे

कार्बोरंडम अतिशय तापवल्यास त्यातील सिलिकॉनची वाफ होऊन जवळजवळ शुद्ध ग्रॅफाइट मागे उरते, असे ॲचेसन यांना आढळले. या पद्धतीचे पेटंट त्यांना १८९६ मध्ये मिळाले व १८९९ मध्ये ॲचेसन ग्रॅफाइट कंपनी स्थापन झाली. तिच्या विद्युतअग्रांना विद्युतरासायनिक उद्योगात मोठी मागणी आली. पुढे १९०६ मध्ये त्यांनी ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म कण पाणी किंवा तेलात तरंगत ठेवण्याची पद्धत शोधली. त्यातून ॲक्वाडॅग व ऑइलडॅग ही वंगणे तयार झाली.

लाकूडकामातील महत्त्व

कार्बोरंडमच्या यशानंतर इतर कृत्रिम अपघर्षके पुढे आली. चार्ल्स जेकब्ज यांनी १८९७ च्या सुमारास बॉक्साइट विद्युत भट्टीत वितळवून कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार केले आणि नॉर्टन कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले. विजेवर चालणाऱ्या सँडरच्या चकत्यांत आज मुख्यतः हे दोन पदार्थ आढळतात.

त्यांची निवड केवळ कठिनतेवरून होत नाही. सिलिकॉन कार्बाइड दोहोंत अधिक कठीण व धारदार आहे. परंतु ते ठिसूळ असल्याने उघड्या लाकडावर सँडरच्या सततच्या दाबाखाली त्याची धार लवकर जाते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे अधिक चिवट असतात. घासताना त्यांचे लहान टवके उडून नव्या कडा उघड्या पडतात व चकती अधिक काळ टिकते. त्यामुळे फर्निचरच्या सर्वसाधारण कामासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, तर व्हार्निश किंवा लॅकरच्या दोन थरांमधील हलक्या घासकामासाठी, पाण्यासह घासण्यासाठी आणि काच, दगड व लाकडी फरशी यांसाठी सिलिकॉन कार्बाइड पसंत केले जाते. ३एम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणलेल्या जलरोधक पॉलिश पेपरवरही सिलिकॉन कार्बाइडचेच दाणे होते.

दाण्याच्या प्रकाराइतकाच त्याचा क्रमांक महत्त्वाचा असतो. क्रमांक जितका मोठा, तितका दाणा बारीक. जुना रंग काढण्यासाठी साधारण ६० ते ८०, पृष्ठभाग सपाट करण्यासाठी १२० ते १५० आणि रोगणापूर्वीच्या कामासाठी १८० ते २२० क्रमांकाच्या चकत्या वापरतात. मधले टप्पे गाळल्यास जाड दाण्यांचे चरे तसेच राहतात आणि रोगण लावल्यावर ते अधिक ठळक दिसतात. राळयुक्त लाकडासाठी दाणे विरळ बसवलेली चकती घेतात, कारण दाट दाण्यांत भुसा लवकर अडकतो. क्रमांकांची ही शिस्त दाण्यांच्या एकसारखेपणावर उभी आहे आणि तो एकसारखेपणा भट्टीत बनलेल्या पदार्थामुळे सुलभ झाला.

सन्मान आणि वारसा

ॲचेसन यांना १८९४ मध्ये जॉन स्कॉट पदक व १९१० मध्ये पर्किन पदक मिळाले. रम्फर्ड पारितोषिकाचेही ते मानकरी होते. १९०८–०९ या काळात ते अमेरिकेतील इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्या देणगीतून सुरू झालेला या संस्थेचा ॲचेसन पुरस्कार १९२९ मध्ये प्रथम त्यांनाच देण्यात आला. मोनोंगाहेला येथील त्यांचे घर १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

भारतात कार्बोरंडम कंपनीच्या सहभागाने १९५४ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. सिलिकॉन कार्बाइडचा उपयोग आता उच्चतापसह विटा, चिलखती पत्रे आणि विद्युत वाहनांतील अर्धसंवाहक घटक यांतही होतो. घासकामासाठीचे सिलिकॉन कार्बाइड आजही प्रामुख्याने ॲचेसन यांच्याच पद्धतीने तयार केले जाते.