रसमची तिसरी वाटी

श्रीनिवास रामानुजन म्हटलं की आपल्याला १७२९ हा नंबर आठवतो. टॅक्सीचा तो किस्सा शाळेपासून ऐकलेला असतो. पण मला त्यांची आठवण येते ती मेसमध्ये ताट घेऊन लाईनीत उभं असताना. कारण हा जगप्रसिद्ध गणिती परदेशात जवळजवळ पाच वर्षं राहिला आणि त्यातला बराच काळ आपल्या खोलीत स्वतःच स्वयंपाक करून जेवला.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, तामिळनाडूतल्या इरोडचा. लहानपण कुंभकोणमला गेलं. गणित सोडून बाकी विषयांत नापास झाल्यामुळे कॉलेज सुटलं. १९०९ मध्ये जानकीशी लग्न झालं, तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर क्लार्कची नोकरी लागली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रोफेसर हार्डींना आपली सूत्रं पाठवली आणि सगळं आयुष्यच बदललं.

पण जायचं कसं? समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानणारं घर. आईने शेवटी परवानगी दिली. निघण्याआधी त्यांनी आईला आणि बायकोला कुंभकोणमला पाठवून दिलं आणि मग शेंडी कापली. त्या दोघींना ते बघवलं नसतं. १७ मार्च १९१४ ला बोट सुटली आणि एप्रिलमध्ये ते इंग्लंडला पोचले.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये मोठा डायनिंग हॉल होता. पण रामानुजन कट्टर शाकाहारी. तिथले बटाटेसुद्धा चरबीत तळलेले असतील या शंकेने ते हॉलमध्ये जेवत नसत. मग खोलीतच भात, भाजी, रसम. तिकडे न मिळणारे जिन्नस घरून आणि मद्रासच्या मित्रांकडून पार्सलने येत.

एकदा ते असेच पातेल्यात भाजी हलवत होते. शेजारी प्रशांतचंद्र महालनोबीस (पुढे संख्याशास्त्रात नाव कमावलेले) मासिकातलं एक कोडं वाचत होते. रस्त्यावर ५० ते ५०० च्या दरम्यान घरं आहेत. एका घराच्या डावीकडच्या सगळ्या नंबरांची बेरीज उजवीकडच्या बेरजेइतकी आहे, तर त्या घराचा नंबर किती? उत्तर आहे २०४, एकूण घरं २८८. (करून बघा, दोन्हीकडे २०७०६ येतात!) महालनोबीसांना ते थोड्या खटपटीने सुटलं होतं. रामानुजननी हातातला डाव न थांबवता एक सतत अपूर्णांक सांगितला, ज्यात अशा सगळ्या कोड्यांची उत्तरं एकदम येत होती.

दुसरा किस्सा मात्र हसता हसता चटका लावतो. एकदा त्यांनी चटर्जी नावाच्या मित्राला, त्याच्या होणाऱ्या बायकोला आणि आणखी एका मुलीला जेवायला बोलावलं. रसम वाढलं, परत वाढलं. तिसऱ्यांदा मात्र मुली नको म्हणाल्या. थोड्या वेळाने बघतात तर यजमान गायब! टॅक्सी करून ते थेट ऑक्सफर्डला निघून गेले होते. काही दिवसांनी तिथून तार आली, पाच पौंड पाठवा म्हणून. आपण प्रेमाने केलेलं नाकारलं, हा अपमान त्यांना सहन झाला नव्हता. एका वाटीवरून एवढं? पण घरापासून इतक्या लांब माणसाकडे 'माझं' म्हणायला तेवढी एक वाटीच असेल, तर?

कारण घराशी असलेला धागा तुटत चालला होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. भाज्या, फळं, दूध मिळेना. कामाच्या नादात स्वयंपाक कधी दिवसातून एकदा, कधी दोन दिवसांतून एकदा. पत्रांचं तर आणखी वाईट झालं. सासू-सुनेचं पटत नव्हतं आणि जानकीची पत्रं सासू त्यांच्यापर्यंत पोचूच देत नसे, त्यांचीही तिला मिळत नसत. ते समजत की बायको विसरली, ती समजे की नवरा विसरला. हळूहळू त्यांचं घरी पत्र लिहिणंच कमी होत गेलं.

१९१७ मध्ये ते आजारी पडले. डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं (आजचे काही अभ्यासक म्हणतात की तो यकृतातला अमिबाचा आजार असावा, जो तेव्हाही बरा होऊ शकला असता). सॅनेटोरियममध्ये जेवणाचे हाल झाले. १९१८ च्या सुरुवातीला तर त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, सुदैवाने वाचले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि ट्रिनिटीचेही. बाहेर मानसन्मान आणि आत हे असं, हे दोन्ही एकाच वर्षात!

२७ मार्च १९१९ ला त्यांची बोट आपल्या मुंबईला लागली. घ्यायला आई आणि भाऊ आले होते. त्यांनी आधी विचारलं ते जानकी कुठे आहे म्हणून. मग तिला निरोप गेला आणि ती मद्रासला आली. शेवटचं वर्षभर तिने त्यांची सेवा केली. इंग्लंडला तू बरोबर असतीस तर मी आजारी पडलो नसतो, असं ते म्हणत, अशी आठवण तिने पुढे सांगितली. त्या आजारपणातही गणित चालूच होतं. २६ एप्रिल १९२० ला ते गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. जानकी १९९४ पर्यंत होती.

आपण काही रामानुजन नाही. पण घरून आलेला डबा, आईच्या हातची चटणी आणि एक फोन यांची किंमत त्यांच्याएवढी कोणाला कळली असेल? आज मेसमधून परत येताना घरी एक फोन करा. आणि रूममेटने आपल्या हाताने काही केलंच, तर तिसरी वाटी नको म्हणू नका!