नाताळचे ताट आणि माझगावचे काका

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि राखीच्या पाकिटातली चार ओळींची चिठ्ठी यापलीकडे लेखणी कधी हाती धरली नाही. मी म्हटले, थंडीतल्या फराळावर लिहून देते. त्यावर बाई म्हणाल्या की फराळावर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, तुम्ही एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहा. घरी येऊन विचार केला, तेव्हा लक्षात आले की मला असे एक चरित्र ठाऊक आहे की जे फराळाच्या ताटामुळेच माझ्यापर्यंत पोहोचले. तेव्हा दोन्ही एकदमच लिहिते. चिटणीसबाईंनी रागावू नये.

मी मूळची कोकणातली. लग्न होऊन माझगावात आले त्याला पंचवीसएक वर्षे झाली. आमच्या गावी पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. इकडे आल्यावर माथारपाखाडी हे नाव ऐकले, तेव्हा मला वाटले की तिथेही चढण असेल. जाऊन पाहते तो काय, ती एक चिमुकली वस्तीच! लाकडी घरे, कौलारू छपरे, बाहेरून जिने, पुढे व्हरांडा आणि मध्ये क्रूस. भोवती एवढी मुंबई गरजते आहे आणि आत शिरले की गावी आल्यासारखे वाटावे.

तिथले जुने रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी असले तरी ही माणसे मूळची इथलीच. मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतल्या त्यांच्या पूर्वजांनी पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला. बोली मात्र मराठीच राहिली. जुन्या बायका लुगडे नेसत. पुढे गोव्याकडून आणि मंगळुराकडून ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठी मुंबईत आली, तेव्हा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 मध्ये त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले.

डिसेंबर उजाडला, हवेत थोडा गारवा आला, की पाखाडीच्या बाजूने खमंग वास सुटतो. आपले दिवाळीचे डबे तोवर रिकामे झालेले असतात. त्यांचे भरायला लागतात. कलकल म्हणजे मैद्याचे शंखासारखे वळलेले गोड तुकडे. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. थाळी स्वीट म्हणजे रवा, नारळ, अंडी आणि साखर एकत्र करून थाळीत भाजलेली जाड वडी. याशिवाय बदामाचे किंवा काजूचे मार्झिपॅन, पेरूची वडी, खजुराचे रोल आणि सणाच्या जेवणाला गोल टम्म फुगे. केकचे साहित्य घरी फेटायचे आणि पत्र्याचे साचे बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, अशी पूर्वीपासूनची रीत. आपल्याकडेही दिवाळीत नानकटाईचे पत्रे भट्टीवर जात, हे वडील भगिनींना आठवत असेल. माझ्या सासूबाई स्वतः नेत असत. त्याच भट्टीत दीड-दोन महिन्यांनी नाताळचे केक फुगत.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात पाखाडीतल्या एक वयस्क बाई आमच्याकडे ताट घेऊन आल्या. वर विणलेला रुमाल होता. त्यांना मी मावशी म्हणू लागले. ताट पाहून सासूबाई गोड हसल्या. पण मावशींची पाठ वळताच त्यांनी ते उंबऱ्याबाहेरच ठेवायला सांगितले. त्यात अंडी आहेत, ती कढई कशाकशाला वापरली असेल कोण जाणे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची नानकटाई त्याच भट्टीत भाजली जात होती हे माझ्या ओठांवर आले होते; पण नव्या सुनेने बोलायचे कसे? ताट मी भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी रिकामे कसे परत करायचे म्हणून त्यात साखर घालून नेऊन दिले आणि सर्व पदार्थ फार छान झाले होते असे मावशींना सांगितले. पुढच्या वर्षीही हेच झाले. दोन्ही वर्षी मी एक कणही तोंडात घातला नव्हता.

आता चरित्राकडे वळते.

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या भंडारवाडा टेकडीवर बाग आहे, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची. खाली पाण्याचा मोठा साठा आणि वर झाडे. तिथून गोदी, बोटी आणि समुद्र दिसतो. मुलाला घेऊन मी रोज तिथे जात असे; पण फाटकावरचे नाव कधी नीट वाचले नव्हते. एकदा मावशी तिथे भेटल्या. बोलता बोलता अगदी घरच्या माणसाविषयी सांगावे तशा अभिमानाने त्यांनी सांगितले, की ही बाग ज्यांच्या नावाची आहे ते जोसेफ बॅप्टिस्टा आमच्याच पाखाडीचे. सगळी मुंबई त्यांना काका म्हणत असे. तेव्हापासून मिळेल तिथून मी त्यांच्याविषयी वाचत आणि विचारत गेले.

काकांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत, मग पुण्याला इंजिनियरिंगचे. त्यानंतर सिंध प्रांतात जंगल खात्याची नोकरी. दुसरा कोणी असता तर सरकारी पगार आणि पेन्शन यांवर समाधान मानून राहिला असता. काका विलायतेला गेले, केंब्रिजला शिकले आणि बॅरिस्टर होऊन परत आले. त्या काळी आयर्लंडचे लोक आपल्या देशाचा कारभार आपल्या हाती यावा म्हणून इंग्रजांशी झगडत होते. ते पाहून हिंदुस्थानानेही तसेच मागावे असे काकांच्या मनाने घेतले.

परत आल्यावर ते वकिली करू लागले आणि मुंबई महापालिकेचे सभासदही झाले. पण त्यांच्या आयुष्याला खरा रंग चढला तो लोकमान्य टिळकांच्या सहवासाने. एक पुण्याचे चित्पावन ब्राह्मण, गीतेवर ग्रंथ लिहिणारे. दुसरे माझगावचे ख्रिस्ती, रविवारी देवळात जाणारे. परंतु देशकार्यात दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. 1908 साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. मदतीला जे कायदेपंडित होते त्यांत बॅप्टिस्टाही होते. सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस असा सहा दिवस संप केला, ही गोष्ट आपल्या घरांतून अजूनही सांगतात.

मंडाले येथून सुटून आल्यावर लोकमान्यांनी 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? तर आमचे काका बॅप्टिस्टा. चिटणीस झाले न. चिं. केळकर. होमरूल म्हणजे काय हे मला कळले ते माझ्याच स्वयंपाकघरावरून. डबे आपले, धान्य आपले, राबणारे हात आपले. आणि कोणता डबा केव्हा उघडायचा हे मात्र परक्याने ठरवायचे, तर त्या घराला घर कोण म्हणेल? एवढीच ती मागणी होती. स्वराज्याविषयीचे लोकमान्यांचे जे जगप्रसिद्ध वाक्य शाळेतल्या मुलालाही पाठ असते, त्याचे शब्द काकांनी सुचवले असे पुष्कळ जण सांगतात. 1917 मध्ये लीगतर्फे काका विलायतेला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाच्या लोकांना त्यांनी हिंदुस्थानची मागणी समजावून सांगितली.

1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य सरदारगृहात वारले. काका त्यानंतरही थांबले नाहीत. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला मुंबईत आयटक ही देशभरच्या कामगारांची संघटना स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि काका तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात तिचे दुसरे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष काकाच होते. घरोघर टपाल पोचवणाऱ्या पोस्टमनांची बाजूही त्यांनी घेतली. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार पंधरवड्यालाच संपतो त्यांचे दुःख या बॅरिस्टराला समजत होते. गोदी आणि गिरण्या यांच्या मधोमध ते जन्माला आले होते, त्याचाच हा परिणाम असावा असे मला वाटते.

1925 साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदाला पुढे महापौर म्हणू लागले. पाखाडीतल्या मुलाने शहराची सर्वांत मानाची खुर्ची भूषविली. 18 सप्टेंबर 1930 रोजी ते निवर्तले. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. सगळा देश पेटून उठला होता, आणि त्या आगीची पहिली लाकडे रचणारांपैकी एकाला शिवडीच्या दफनभूमीत मूठमाती दिली गेली. स्वराज्य त्यांना पाहायला मिळाले नाही.

हे वाचत असताना दुसरी एक गोष्ट माझ्या वाचनात आली आणि ती मला फार लागली. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली असता तिथे चहा दिला गेला. त्या मंडळींत लोकमान्यही होते. पुढे वर्तमानपत्रात नावे छापली गेली, गावात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. एका चहाच्या पेल्यावरून एवढे रामायण! आणि त्याच लोकमान्यांनी सव्वीस वर्षांनी आपल्या लीगच्या अध्यक्षपदी एक ख्रिस्ती मनुष्य बसवला. मी मात्र शतक बदलले तरी मावशींचे ताट उंबऱ्याबाहेर ठेवीत होते.

तिसऱ्या नाताळात मावशी पुन्हा आल्या. या वेळी ताटात फक्त कलकल आणि नेवऱ्या होत्या. त्यांनी सासूबाईंना सांगितले की यात अंडे नाही, पीठ नारळाच्या दुधात भिजवले आहे आणि तळायला नवी कढई काढली आहे. बस्स, एवढे बोलून त्या गेल्या. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सर्व ठाऊक होते! लाजेने माझी मान वर होईना. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या राहून कलकल खात होत्या. मला पाहून म्हणाल्या की तूप जरा बेताचे घातले आहे, पण खुसखुशीत झाले आहेत. त्यानंतर दरवर्षी ते ताट घरात आले आणि दिवाळीत आमचे ताट पाखाडीत गेले. त्यात सासूबाईंनी स्वतः भाजून आणलेली नानकटाई असे.

सासूबाई आता नाहीत. मावशी लेकाकडे वसईला गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारल्या. पाखाडीतल्या त्यांच्या घराला कुलूप आहे. पहिल्या दोन ताटांविषयी मी त्यांची कधी क्षमा मागितली नाही. त्यांना कळले होते हे मला कळले होते, पण तोंडाने बोलायचे राहून गेले. ते आज या स्मरणिकेत सांगते.

त्यांनी शिकवलेली कृतीही देते. अर्धा किलो मैद्यात चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन, एक वाटी पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालावे. नारळाचे दाट दूध लागेल तसे घालून पीठ घट्ट मळावे आणि तासभर झाकून ठेवावे. बोराएवढी गोळी घेऊन नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर तुपाच्या बोटाने दाबावी आणि तशीच गुंडाळत उचलावी, म्हणजे शंखासारख्या रेघा उठतात. मंद आचेवर बदामी तळाव्यात. हवे असल्यास पक्क्या पाकात घोळवून सुकवाव्यात. हे एकटीने करायचे काम नव्हे. पाखाडीत चार घरच्या बायका एकत्र बसून वळतात, तसे आपणही मंडळात बसून करावे.

माझी एक सूचना आहे. येत्या 17 मार्चला मंडळाच्या सर्वजणींनी भंडारवाड्याच्या बागेत जाऊन काकांच्या नावाला एक हार घालावा. आणि नाताळात मंडळातर्फे पाखाडीतल्या घरी ताट पाठवावे. तिकडून आले तर आपण खावे, आणि कसे झाले होते ते खरे सांगावे.

लेखनात काही चुकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.